परीक्षकाचा पाय

"खुर्ची अजून आत घ्या. अजून थोडी. इथून मला फाटकाचा नुसता रंग दिसतोय."

दोघा स्वयंसेवकांनी खुर्ची उचलली आणि साहेबांच्या मनासारखी, म्हणजे थेट चौथऱ्यावरच नेऊन ठेवली. साहेब बसले, गुडघ्यावर पॅड ठेवलं, पेन्सिलीचं टोक अंगठ्याने तपासलं आणि मान हलवली. आता झालं. फाटक हातभर अंतरावर आलं होतं.

महाविद्यालयाच्या सभागृहात मधल्या खुर्च्या हलवून दीड हात उंचीचा लाकडी चौथरा बांधला होता. त्यावर प्लायवूडचे तक्ते जोडून केलेलं पांढरं मैदान, मैदानावर काळ्या पट्टीची नागमोडी वाट, वाटेवर तीन लाल ठोकळे, आणि मध्यावर ते फाटक. म्हणजे एक लाल-पांढरा दांडा. दर सहा सेकंदांनी तो झुलत वाटेवर यायचा आणि परत जायचा. पोरांनी बनवलेल्या यंत्राने वाटेने जायचं, ठोकळे गोळा करायचे, फाटकाचा मार चुकवायचा आणि सगळं घेऊन घरच्या चौकोनात यायचं. रिमोट नाही, दोरी नाही, "डावीकडे, डावीकडे" असं ओरडणंसुद्धा नाही. एकदा बटण दाबलं की पोरांनी हात मागे बांधायचे. पुढचं यंत्राने स्वतःच्या अकलेने करायचं. जन्म देणं आपल्या हातात, चालणं ज्याचं त्याने, असा हा सगळा मामला.

साहेबांना यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग ते या खुर्चीवर कसे, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर सगळ्या शहराला पाठ होतं. एकतीस वर्षं त्यांनी वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी नापास केलं नाही असं घर शहरात शोधून सापडलं नसतं. लोक त्यांना नापासकाका म्हणत; तोंडावर साहेब म्हणत. त्यांनी डॉक्टरला नापास केलं, अग्निशमन दलाच्या बंबवाल्याला नापास केलं, सख्ख्या मेहुण्याला तर उतारावर गाडी मागे घसरली म्हणून दोनदा नापास केलं. मेहुण्याने पुढे दोन वर्षं बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. पण "याने पैसे खाल्ले" किंवा "याने तोंड बघून पास केलं" असं मात्र त्यांच्याबद्दल कोणाच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. शिव्या भरपूर होत्या, संशय एकही नव्हता.

गेल्या वर्षी याच स्पर्धेच्या निकालावरून मोठी रणं माजली होती. एका परीक्षकाचा भाचा, दुसऱ्याचा जुना विद्यार्थी, असं काय काय निघालं होतं. म्हणून मुख्य परीक्षक असलेल्या प्राध्यापिकाबाई यंदा साहेबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही साहेबांनी दोनदा नापास केलेलं होतं. त्या म्हणाल्या, यंत्राची पारख आम्ही करू. तुम्ही फक्त फाटकापाशी बसा आणि दांडा लागला की नाही ते सांगा. तुम्ही बसलात तर कोणी तोंड उघडणार नाही.

साहेबांची एक अट होती. जवळ बसणार. परवान्याच्या परीक्षेत बाकीचे परीक्षक मैदानाच्या कडेला सावलीत उभे राहून हाताने खुणा करत. साहेब कायम उमेदवाराच्या शेजारी गाडीत बसले. दुरून माणसाची चूक दिसते, पण तो ती का करतोय हे जवळूनच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. वर जो सगळ्यांचा परीक्षक बसलाय, त्याचीही खुर्ची आपल्या समजुतीपेक्षा फार जवळ असणार, असं त्यांना मनोमन वाटायचं.

पण जवळ बसण्याची एक किंमत असते. परीक्षेच्या गाडीत ब्रेक एकच, तोही उमेदवाराच्या पायाखाली. एकतीस वर्षं साहेबांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत आला होता. न लागणारा ब्रेक. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी पायाला ती वार्ता पोचली नव्हती. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की साहेबांच्या लाथेने स्टूल उडायचं. बायको आताशा स्टूल आधीच उचलून ठेवायची.

आता हे सगळं त्या खुर्चीवर बसताना त्यांना आठवायला हवं होतं की नाही? पण शहाण्या माणसाला जगाच्या खोडी पाठ असतात, आपली तेवढी राहून जाते.

सकाळपासून अकरा यंत्रं धावली. एक वाट सोडून थेट प्राध्यापिकाबाईंच्या पर्सला जाऊन भिडलं. एकाने ठोकळा उचलला आणि द्यायलाच तयार होईना. त्याच्या मालकाने मागे बांधलेल्या हातांनी स्वतःचीच बोटं पिरगाळली. साहेब आतून खूश होते. इतकी वर्षं त्यांनी थरथरणारी माणसं पाहिली होती. थरथरणाऱ्या माणसांची निश्चिंत यंत्रं पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटच्या फेरीला दोन संघ उरले. एक चार मुलांचा. त्यांचं यंत्र मोठ्या चाकांचं, डुलत चालणारं, नाव हत्ती. त्यांचा म्होरक्या उंच, काटकुळा, आणि इतका अबोल की त्याला सगळे मौनी म्हणत. हत्तीने दोन मिनिटं अकरा सेकंदांत काम फत्ते केलं. मौनीने फक्त एक दीर्घ श्वास सोडला.

दुसरा संघ तीन मुलींचा. त्यांच्या यंत्राला पुढे लांब नाकासारखा सेन्सर होता आणि ते वाटेतल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसून मगच पुढे जायचं, म्हणून त्याचं नाव आत्याबाई. म्होरकी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, दातांना तार, हातात नियमांची पुस्तिका. सकाळपासून तिने बाईंना तीन वेळा पुस्तिकेतला मजकूर वाचून दाखवला होता आणि तिन्ही वेळा तिचंच बरोबर निघालं होतं. तिच्या मैत्रिणी तिला वकील म्हणत. पहिला येणारा संघ पुढे सगळ्या विभागांच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. आत्याबाई या तिघींनी आठ महिने शाळेनंतर बसून बांधली होती.

वकीलने बटण दाबलं, हात मागे बांधले. आत्याबाई निघाली. पहिला ठोकळा, दुसरा ठोकळा, वळण, सगळं लोण्यातून सुरी जावी तसं. फाटकापाशी आली, थांबली, नाक उचललं, दांडा गेल्याचं पाहिलं आणि पुढे झाली. आणि नेमकी तिथेच, दोन तक्ते जोडलेल्या सांध्यात, तिचं पुढचं बारकं चाक अडकलं. मागची चाकं घरघर फिरताहेत, आत्याबाई जागची हलत नाही, आणि लाल-पांढरा दांडा झुलत परत यायला लागला.

रुळांवर गाडी बंद पडलेली. समोरून आगगाडी.

साहेबांच्या पायाने कोणाला विचारलं नाही. उजवा पाय उचलला गेला आणि धाडकन चौथऱ्यावर आदळला. तक्ता हादरला, बारकं चाक टुणकन सांध्यातून उडालं, आणि आत्याबाई पुढे सटकली. दांडा तिच्या मागून, बोटभर अंतराने, रिकाम्या हवेत झुलून गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुढे गेली.

दोन मिनिटं पाच सेकंद. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सगळ्यांचे डोळे यंत्रावर होते. खुर्चीखालचा पाय कोणीच पाहिला नव्हता.

साहेबांच्या पुढ्यात कागद होता. "फाटकाला स्पर्श: आहे / नाही." स्पर्श झाला नव्हता. त्यांनी "नाही"वर खूण केली. कागद खरा होता. कागदात खोट नव्हती, आणि तरी पेन्सिल काही कागदावरून उचलेना. हजारो कागद भरले होते त्यांनी. प्रत्येकावर दुसऱ्याचं नाव होतं.

ते उठले आणि प्राध्यापिकाबाईंना बाजूला घेऊन काय घडलं ते सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हळू आवाजात समजावलं, की कोणी पाहिलं नाही, मुलींची काही चूक नाही, पाहुणे बक्षिसं घेऊन ताटकळलेत, आणि गेल्या वर्षीसारखा तमाशा पुन्हा नको. बोलता बोलता त्यांचा आवाज अगदी विनवणीवर आला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला मी पहिल्यांदा का नापास केलं होतं?"

"आरशात पाहिलं नाही म्हणून."

"आणि दुसऱ्यांदा?"

बाईंनी एक सुस्कारा सोडला. "आरशात पाहिलं नाही म्हणून."

"तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, मागे कोणी नव्हतं."

बाईंनी निमूटपणे माईक त्यांच्या हातात दिला.

माईक आधी किंचाळला, मग साहेब बोलले. माझ्या पायाला खोड आहे, मी चौथऱ्यावर पाय आपटला, त्या हादऱ्याने यंत्र सुटलं. ते आपल्या अकलेने सुटलं नाही. लोकांना आधी विनोद वाटला आणि हशा पिकला. मग साहेबांचा चेहरा पाहून तो एकेका रांगेत विझत गेला. मुलींची एकमेकींच्या गळ्यातली मिठी तशीच राहिली, फक्त तिच्यातला आनंद निघून गेला.

मागून कोणी तरी म्हणालं, बाहेरून मदत झाली की धाव बाद, नियमच आहे, हत्ती जिंकला. त्यावर दुसरं कोणी म्हणालं, पोरींनी काय केलंय? कुजबुज वाढली. बाईंनी डोळे मिटले.

वकीलची पुस्तिका उघडली गेली होती. "नियम अकरा," ती म्हणाली. "स्पर्धकाने किंवा त्याच्या बाजूच्या कोणी मदत केल्यास धाव बाद. तुम्ही आमच्या बाजूचे आहात का?"

"नाही," साहेब म्हणाले. "मी कोणाच्याच बाजूचा नाही."

"ते आम्हाला माहितीये," तिसऱ्या रांगेतून एक दणदणीत आवाज आला.

ती वकीलची आई. शाळेची बस चालवायची. गणवेशाच्या शर्टावरच आली होती. साहेबांनी तिला लगेच ओळखलं. चार वेळा नापास. दुसऱ्या आया मुलांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात. या घरात मुलगी नापासकाकांच्या गोष्टी ऐकत मोठी झाली होती. वकीलने वळून आईकडे पाहिलं. त्या नजरेत स्पष्ट प्रश्न होता: हा तोच राक्षस ना?

आई उठून उभी राहिली. "चार वेळा नापास केलंय ह्यांनी मला. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचे मी. चौथ्यांदा तर ह्यांच्या तोंडावर सांगितलं, तुमचं काही भलं व्हायचं नाही." सभागृह हसलं. साहेबांनी मान डोलावली. झालं होतं खरं असं. "पाचव्यांदा पास केलं, तेव्हा कागद हातात घेऊन मी विचारलं, नक्की ना? आज चाळीस पोरं घेऊन घाट उतरते, पण तो प्रश्न मला परत पडला नाही. अगं पोरी, गप्प बसू नकोस. काय पाहिजे ते माग त्यांच्याकडून. देतील."

आई बसली. बसताना शेजारणीला म्हणाली, "पाय आपटायची खोड तेव्हाही होती. मला वाटायचं माझ्यावर राग काढतायत."

वकीलने थोडा विचार केला. मग पुनर्धाव मागितली. आणि धावेआधी प्रोग्रॅम बदलायची मुभा. दोन फेऱ्यांमध्ये बदल चालतो, नियम सात.

साहेब म्हणाले, न्याय्य आहे. पण अर्धंच. यांना दुसरी संधी आणि वर नवी माहिती, मग हत्तीवाल्यांनी काय घोडं मारलंय? धावतील तर दोघं धावतील, दोघांना दहा-दहा मिनिटं, आणि आधीच्या दोन्ही वेळा पुसल्या जातील. हत्तीवाल्यांना मान्य नसेल तर मात्र निकाल बाईंनी द्यायचा. त्यांच्या हातचा घास मी काढून घेणार नाही.

सगळे मौनीकडे बघायला लागले. हातात आलेला पहिला नंबर होता तो. मौनीने हत्तीकडे पाहिलं, आत्याबाईकडे पाहिलं, आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलला.

"तिचं चाक सुटलं नसतं तर आम्ही जिंकलो असतो, पण मला बघायचंय ती स्वतःहून सुटते का."

आणि पुन्हा तोंड मिटलं. बाईंच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

दहा मिनिटं मुली लॅपटॉपवर डोकी एकत्र करून बसल्या. वकील फक्त एकदा साहेबांपाशी आली. तुम्ही पाय आपटल्यावर यंत्र आधी वर उडालं की आधी मागे, एवढंच तिला हवं होतं. साहेबांनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, वर. मग हत्तीच्या पोरांनाही जाऊन तेच सांगितलं. एकाला सांगितलं ते दुसऱ्याला सांगायलाच हवं. हत्तीवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी त्यांनी मन लावून ऐकलं.

खुर्ची साहेबांनी स्वतः उचलून खाली ठेवली. फाटक तर जवळूनच पाहायला हवं. मग ते चौथऱ्याबाहेर जमिनीवर घट्ट मांडी घालून बसले आणि दोन्ही पाय एकमेकांखाली अडकवून टाकले. हनुवटी बरोबर मैदानाच्या पातळीला आली. गुडघे करकरले. एका स्वयंसेवकाने उशी देऊ का विचारलं. साहेब म्हणाले, नको, आरामात राहिलं तर पाय सुटेल.

हत्ती आधी धावला. दोन मिनिटं दहा. एक सेकंद सुधारला.

मग आत्याबाई. पहिला ठोकळा, दुसरा ठोकळा, वळण. फाटकापाशी थांबली, नाक उचललं, पुढे झाली, आणि अडकली. तोच सांधा, तेच चाक, तीच घरघर. दांडा निघाला.

सगळ्या सभागृहाने पाय आवरून धरले. तिसऱ्या रांगेत एका बस चालवणाऱ्या बाईने तर ते उचलून खुर्चीवरच घेतले. मौनी चवड्यांवर उभा होता. साहेबांची मांडी आतून थडथडत होती, घोट्यांवर घोटे रुतत होते, कपाळावर घाम होता. पण पायांचं कुलूप निघालं नाही.

आत्याबाईची चाकं थांबली. क्षणभर ती काहीच करेना. मग तिने कंबर हलवावी तसा एक झटका डावीकडे दिला, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि टुणकन मागे आली. दांडा तिच्या नाकासमोरून झुलत गेला. तिने त्याला जाऊ दिलं. मग जरा तिरकी होऊन, सांध्याला बगल देऊन, आत्याबाई ऐटीत फाटक पार करून गेली.

टाळ्या आधी हत्तीच्या पोरांनी वाजवल्या. मग छत खाली यायचंच बाकी राहिलं.

दोन मिनिटं तेरा सेकंद.

तीन सेकंदांनी हत्ती जिंकला. बाईंनी निकाल जाहीर केला आणि यंदा कोणी तोंड उघडलं नाही. उघडलं ते वाहवा करायला. मौनीला त्याच्या पोरांनी खांद्यावर घेतलं, तर त्याचं डोकं पंख्याला लागेल म्हणून बाईंचा जीव खालीवर. आत्याबाईवाल्या तिघींपैकी सर्वांत लहान मुलगी मुसमुसून रडली. वकीलच्या आईने तिला पोटाशी धरलं आणि काही एक समजावलं नाही. ते शहाणपणाचं होतं.

वकील रडली नाही. गुणपत्रकावर सही करायला ती साहेबांपुढे आली आणि सहीआधी प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचला. फाटकाला स्पर्श: नाही. बाहेरची मदत: नाही. वेळ: दोन तेरा. तिने मागचा, रद्द झालेला कागदही मागितला. त्यावर "बाहेरची मदत" या रकान्यात साहेबांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहून खाली सही केली होती. ती तिने जरा जास्त वेळ पाहिली. मग आपली सही केली, नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"झटके तीनऐवजी एक दिला असता तर जिंकलो असतो," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली.

"असता," साहेब म्हणाले. उगाच धीर देणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"पण त्या सांध्यात एवढं आहे तरी काय? वरून काहीच दिसत नाही."

ती वळली, चौथऱ्यावर चढली आणि सरळ पोटावर झोपली. तिच्या मैत्रिणी गेल्या. रडणारीही नाक पुसत गेली. खांद्यावरून उतरलेला मौनीही येऊन शेजारी आडवा झाला, त्याच्या मागे त्याची पोरं. माना तिरक्या करून, एक डोळा मिटून, सगळे त्या जोडाकडे बघत होते. दिसतंय का? नाही. मला पण नाही. बोटाने बघ ना.

"काका, तुम्ही या ना. तुम्ही होतात जवळ."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत होत्या, बाई पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या होत्या. त्यांनी खिशातलं पेन काढून ठेवलं, इस्त्रीच्या शर्टाची पर्वा सोडली आणि आधी गुडघे, मग हात टेकत सावकाश पोटावर झोपले. पोरांनी सरकून जागा केली. गाल गार प्लायवूडला लागला. वकीलने त्यांची तर्जनी धरून जोडावर आणून ठेवली.

त्यांनी बोट हळूच इकडून तिकडे नेलं. काही नाही. पुन्हा नेलं, अजून हळू.

"लागलं?"

"थांब," साहेब म्हणाले. आणि मग, "लागलं. हे बघ. केसाएवढं आहे."

आठ माना एकदम जवळ आल्या.